कोणी उठवलं? मकरपुऱ्यातल्या कांसावरच्या दोन पाणीमापकांचं प्रकरण

एका पाणीमापकातला बोर्ड रात्रभर झोपलाच नाही आणि दुसऱ्यातला झोपला तो उठलाच नाही. झोप म्हणजे वीज वाचवायला बोर्डाने स्वतःचे बहुतेक भाग बंद करणं. दोन्ही एकाच आठवड्यात, एकाच टेबलावर, आमच्याच हातांनी तयार झालेले. आतलं सॉफ्टवेअरही तेच. म्हणून सुरुवातीचे चार दिवस आम्ही दोन वेगळे आजार शोधत बसलो. खरं तर आजार एकच होता. बोर्डाला झोपेतून कोण उठवू शकतं आणि प्रत्यक्षात कोणी उठवलं, याचा हिशेब आम्ही ठेवलाच नव्हता.

काम कशाचं होतं

पावसाळ्यात बडोद्याचं लक्ष विश्वामित्रीकडे असतं. आजवा जलाशयातून किती पाणी सोडलं, नदी किती फुटांवर आली, हे घराघरात विचारलं जातं. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात ४०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये पाणी पुन्हा वस्त्यांत शिरलं आणि पाण्याबरोबर मगरीही आल्या. मकरपुरा जीआयडीसीतल्या कारखान्यांना मात्र नदीआधी कांस भेटतो. कांस म्हणजे पावसाचं पाणी नदीकडे नेणारा मोठा नाला. पुढे नदी फुगली की कांसाचं पाणी तुंबतं आणि सखल आवारांत शिरतं.

अशाच एका कारखान्याने आमच्याकडे दोन पाणीमापक मागितले. एक त्यांच्या फाटकाजवळच्या खांबावर, दुसरा वरच्या अंगाला, साधारण एक किलोमीटरवर. खांबावर विजेची लाइन नाही. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बॅटरी आणि वर छोटं सोलर पॅनेल. दर पाव तासाला अल्ट्रासोनिक सेन्सरने पातळी मोजायची आणि ४जी मोडेमवरून पाठवायची. पाणी ठरलेल्या खुणेला लागलं तर फ्लोट स्विचने, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या स्विचने, बोर्डाला लगेच जागं करायचं. आणि फोनवरून एसएमएस पाठवला तर त्याच क्षणीची पातळी परत यायला हवी. या शेवटच्या मागणीसाठी मोडेम झोपेतही नेटवर्कला जोडलेला ठेवावा लागणार होता.

आमच्या पावसाळ्यात सूर्य आठवडा-आठवडा दिसत नाही, म्हणून पॅनेलशिवाय सात दिवस निघायला हवेत असं ठरलं. हिशेब सोपा होता. झोपेत सगळं मिळून १२ मिलिअँपिअर, जागेपणी २५०. दर पाव तासाला एक मिनिट जागं राहिलं तर सरासरी २८ च्या आसपास येते. बॅटरी ७० टक्क्यांपर्यंतच वापरायची म्हटली तर १७५ तास, म्हणजे सात दिवसांपेक्षा थोडं जास्त. कागदावर सगळं जुळलं.

बोर्डावर एएम३३५एक्स जातीचा प्रोसेसर आहे, बीगलबोन ब्लॅकमध्ये असतो त्याच घराण्यातला, आणि त्यावर लिनक्स. पुढची गोष्ट या चिपच्या झोपेच्या पद्धतीवर उभी आहे, म्हणून तेवढं सांगतो. गाढ झोपेत मुख्य कॉर्टेक्स-ए८ प्रोसेसर आणि बहुतेक पेरिफेरल, म्हणजे जोडीचे विभाग, बंद होतात, रॅम स्वतःला ताजी ठेवत राहते, आणि एक छोटा कॉर्टेक्स-एम३ पहाऱ्यावर राहतो. चिपचा थोडाच भाग त्या वेळी जिवंत असतो, त्यातला मुख्य म्हणजे वेकअप डोमेन. बाहेरच्या तारा जोडायच्या पिनना जीपीआयओ म्हणतात. त्यांच्या चार बँका, म्हणजे चार गट आहेत, ० ते ३. त्यातली फक्त बँक ० या जिवंत भागात येते. बाकी तीन बँकांच्या पिनवर काहीही घडलं तरी पहारेकऱ्याला ते कळत नाही.

जो झोपलाच नाही

जुलैत, बसवल्यानंतर तिसऱ्या दिवशी, वरच्या खांबाकडून निरोप येणं थांबलं. जाऊन पाहिलं तर बॅटरी रिकामी. तीन दिवस ढग होते, पण सात दिवसांचा हिशेब तीन दिवसांत कसा संपला? पहिला संशय बॅटरीवर गेला. ती बदलली. पुन्हा तिसऱ्या दिवशी तेच.

सर्व्हरवरचा आलेख मात्र निर्दोष होता. दर पाव तासाला एक बिंदू, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. तो आलेख पाहून आम्ही गळतीचा प्रवाह शोधत राहिलो. चार्ज कंट्रोलर बदलला, सेन्सरची वीज तोडून पाहिली. दोन दिवस त्यात गेले.

उत्तराकडे नेलं ते शेजारच्या पंपघरावरच्या चौकीदार काकांनी. आम्ही शिडी लावत होतो तेव्हा ते सहज म्हणाले, "साहेब, आनी लाइट तो आखी रात झबूक-झबूक थाय छे." म्हणजे याचा दिवा तर रात्रभर लुकलुकत असतो. डबीच्या झाकणातून मोडेमचा दिवा दिसतो. तो पाव तासातून एकदा, मिनिटभर लुकलुकायला हवा. आखी रात नव्हे.

धाकट्या सहकाऱ्याने त्याच रात्री लॉग काढला आणि सकाळी म्हणाला, "दादा, चोवीस तासांत ९६ वेळा उठायला हवा होता. हा चारशेहून जास्त वेळा उठलाय."

मग सर्व्हरवर चारशे बिंदू का नव्हते? कारण डेटाबेसमध्ये प्रत्येक पाव तासाला एकच ओळ होती, आणि त्याच पाव तासातलं नवं माप आलं की जुनं पुसलं जायचं. ही रचना मीच केली होती, नेटवर्कमुळे एखादा निरोप दोनदा आला तर घोळ नको म्हणून. तिने आजारावर पांघरूण घातलं. आता हिशेब उलटा करून पाहा. चारशे मिनिटं जागं म्हणजे दिवसाचा जवळजवळ २८ टक्के वेळ, सरासरी ७८ मिलिअँपिअर, आणि त्याच बॅटरीत जेमतेम ६३ तास. तिसऱ्या दिवशी मृत्यू. बॅटरी पहिल्यापासून प्रामाणिक होती.

आता प्रश्न उरला, कोण उठवतंय? लॉगमध्ये प्रत्येक वेळी कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, एकच ओळ होती, उठवणारा जीपीआयओ-०. आमच्या मनात जीपीआयओ-० म्हणजे आरटीसी, वेळ राखणारं घड्याळ, कारण बाहेरच्या डीएस३२३१ घड्याळाच्या अलार्मची तार त्या बँकेत आणली होती. म्हणून घड्याळच चुकीचे अलार्म देतंय असा ग्रह झाला. पण एम३ फक्त बँकेचं नाव सांगतो, पिनचं नाही. वाड्याचं दार वाजलं एवढंच तो कळवतो, दारात कोण उभं आहे हे आपणच जाऊन पाहायचं असतं. त्याच बँकेत मोडेमची आरआय नावाची तारही होती, एसएमएस आला की खाली ओढली जाणारी.

पिन ओळखायची रीत साधी आहे आणि ती आम्ही आधीच करायला हवी होती. लिनक्समध्ये प्रोक खाली इंटरप्ट्स नावाची फाईल असते. बोर्ड सुरू झाल्यापासून प्रत्येक तारेवर किती इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरला मारलेल्या हाका, आले याचे आकडे त्यात वेगवेगळे दिसतात. झोपण्याआधी ती नोंदवायची, उठल्यावर पुन्हा वाचायची आणि वजाबाकी करायची. आम्ही हे स्क्रिप्टमध्ये घातलं आणि एका रात्रीत चित्र स्पष्ट झालं. घड्याळाचे ९६, बाकी सगळे आरआयचे. डीबग विभागातली वेकअप-सोर्सेस ही फाईलही आम्ही पाहिली. तीही उपयोगी आहे, पण तिथे आरआय आणि फ्लोट दोन्ही एकाच जीपीआयओ-कीज ड्रायव्हरच्या, म्हणजे उपकरण हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, नावावर जमा होतात. वेगळेपण हवं तर इंटरप्ट्सच पाहावं.

दिवसाला तीनशेहून जास्त एसएमएस कोणी पाठवत नाही. मग आरआय इतक्या वेळा का? आमचा प्रोग्राम माप पाठवून, डेटाची जोडणी न तोडताच बोर्डाला झोपवत होता. दोन-तीन मिनिटांनी नेटवर्क ती रिकामी जोडणी आपणहून बंद करायचं. मोडेम ही बातमी द्यायला आरआय खाली ओढायचा. बोर्ड उठायचा, प्रोग्रामला वाटायचं पाव तास झाला, तो पुन्हा मोजायचा, पुन्हा जोडणी उघडायचा, पुन्हा ती तशीच ठेवून झोपायचा. म्हणजे प्रत्येक झोप पुढच्या जागेपणाचं बीज पेरत होती. फाटकाजवळच्या खांबावर दुसऱ्या सेवेचं सिम होतं. तिथे रिकामी जोडणी जास्त वेळ टिकायची, तेवढ्यात खरा अलार्म यायचा, म्हणून तो बोर्ड या फेऱ्यातून वाचला.

उपाय छोटा होता. झोपण्याआधी जोडणी रीतसर बंद करायची आणि आरआय कोणत्या घटनांना ओढायचा हे मोडेमला एटी कमांडने, म्हणजे मोडेमच्या ठरलेल्या आज्ञेने, सांगायचं. आम्ही फक्त एसएमएस ठेवला, बाकी सगळं बंद केलं.

जो उठलाच नाही

पहिल्या बोर्डाचं निस्तरतोय तोवर दुसरा गप्प झाला. जोराच्या पावसाची रात्र होती. फाटकाजवळच्या खांबाचा शेवटचा निरोप रात्री सव्वाच्या फेरीचा, त्यानंतर काहीच नाही. त्या रात्री कांसाचं पाणी खुणेच्या वर गेलं आणि कारखान्याच्या आवारात घोटाभर शिरलं. माणसं जागी होती म्हणून माल वाचला. मापक त्याच रात्रीसाठी बसवला होता, आणि त्याच रात्री तो गप्प होता. दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या देखभाल विभागातल्या साहेबांनी मला एकच वाक्य ऐकवलं, "कोरड्या दिवसांचे आकडे आम्हाला नकोत." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तिथे पोचेपर्यंत सकाळचे साडेआठ वाजले होते. बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे ठणठणीत. सीरियल केबल जोडून एक कळ दाबली आणि बोर्ड जागा झाला, काही घडलंच नाही अशा थाटात. सात तास तो मेला नव्हता, झोपलेला होता. ती केबल जोडायचा पोर्ट, यूएआरटी-०, सुद्धा वेकअप डोमेनमध्ये आहे, म्हणून कळीने उठला. एवढ्या मनस्तापात हा पुरावा मोलाचा ठरला. झोप आणि जाग दोन्ही धड आहेत, फक्त हाक मारणारं कोणी नाही, हे तिथेच कळलं.

लॉगमध्ये दोन वेळा शेजारी-शेजारी होत्या. अलार्म लावलेला १:३०:०० चा, बोर्ड झोपला १:३०:०४ ला.

चार सेकंद. प्रोग्राम उठल्याबरोबर पुढच्या पाव तासाचा अलार्म लावायचा, मग मोजायचा, पाठवायचा आणि झोपायचा. एरवी हे मिनिटात आटपतं. त्या रात्री नेटवर्क पडत होतं आणि पाठवण्याचे प्रयत्न पुढचा पाव तास होईपर्यंत चालले. अलार्म वाजला तेव्हा बोर्ड जागाच होता. ड्रायव्हरने आपलं काम चोख केलं, घड्याळाचा अलार्म-फ्लॅग, म्हणजे अलार्म वाजल्याची खूण, पुसला, तार पुन्हा वर गेली. आणि चार सेकंदांनी प्रोग्राम झोपला, अलार्म लावलेला आहे या समजुतीने. पुढे अलार्म नव्हताच.

वॉचडॉगने, म्हणजे अडकलेला बोर्ड आपणहून रीसेट करणाऱ्या टायमरने, का नाही वाचवलं, असं अनेकांनी विचारलं. या चिपचा वॉचडॉग ड्रायव्हर झोपताना स्वतःला बंद करतो. तसं नसतं तर प्रत्येक झोपेत बोर्ड रीसेट झाला असता. झोपलेल्या यंत्राची राखण वॉचडॉगकडे नसते, हे डिझाइन करतानाच लक्षात घ्यावं.

मग फ्लोट? पाणी खुणेच्या वर होतं, फ्लोट तरंगत होता, स्विच बंद झालेला होता. त्याने उठवायला हवं होतं. सगळ्यात जास्त लाज मला इथे वाटते. फ्लोटची तार जीपीआयओ-१ मध्ये होती. जीपीआयओ-० ची एक मोकळी पिन मी एका एलईडीला दिली होती, कारण लेआउटमध्ये ती एलईडीच्या जवळ पडत होती. ज्या दिव्याला झोपेत काहीच काम नाही त्याला जिवंत बँकेची पिन, आणि ज्या फ्लोटवर सगळी भिस्त त्याला झोपणाऱ्या बँकेची.

टेबलावर तर चालत होतं

फ्लोट आम्ही तपासला होता. हाताने वर केला की बोर्ड उठत होता, निदान वीस वेळा पाहिलं होतं. पण ती तपासणी विकासाच्या पहिल्या महिन्यातली, जेव्हा एम३ चं फर्मवेअर, म्हणजे त्याचा आतला प्रोग्राम, बसवलेलं नव्हतं आणि आम्ही स्टेट फाईलमध्ये फ्रीझ लिहून बोर्ड झोपवत होतो. फ्रीझ ही उथळ झोप. प्रोसेस गोठतात, उपकरणं थांबतात, प्रोसेसर निष्क्रिय बसतो, पण चिपचे विभाग विजेवर राहतात. तिथे जीपीआयओ-१ सुद्धा उठवू शकते. नंतर विजेचा हिशेब जमेना म्हणून आम्ही मेम, म्हणजे गाढ झोपेवर गेलो. झोपेतला प्रवाह मोजला, आनंदलो, आणि उठवणाऱ्या तारा पुन्हा एकेक करून तपासल्या नाहीत.

कर्नलनेही सावध केलं नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डावर काय जोडलंय हे कर्नलला सांगणाऱ्या फाईलमध्ये, फ्लोटला वेकअप-सोर्स असं लिहिलं होतं, सिस फोल्डरखालच्या त्याच्या पॉवर विभागात वेकअप फाईल एनेबल्ड दाखवत होती. त्या शब्दाचा अर्थ आपली इच्छा नोंदवली गेली, एवढाच. चिपला त्या झोपेत तेवढं बळ आहे का, हे त्यावरून कळत नाही. ते कळतं डेटाशीटच्या तक्त्यातून, आणि त्याहून खात्रीने, त्याच झोपेत बोर्ड टाकून तार हलवून पाहिल्यावर.

माझं मत असं झालंय की झोपेची पातळी बदलली की जुनी वेकअप तपासणी रद्द समजावी. सगळी, एकही तार न वगळता.

दुरुस्ती

बसवलेल्या बोर्डांवर एलईडीची ट्रॅक कापली आणि फ्लोटची तार जंपरने जीपीआयओ-० ला नेली. लांब केबलवर पंपाची मोटर सुरू होताना झटका येतो, म्हणून पिनजवळ १० किलोओहम आणि १ मायक्रोफॅरडचा फिल्टर बसवला. पुढच्या आवृत्तीत हे सगळं बोर्डावरच आलं.

अलार्म लावण्याची जागा बदलली, आता तो झोपण्याच्या अगदी आधी लागतो आणि किमान एक मिनिट पुढचाच असतो. शिवाय दुसरी दोरी बांधली. चिपच्या आत स्वतंत्र आरटीसी आहे, तोही गाढ झोपेतून उठवू शकतो आणि त्याचा मार्ग जीपीआयओमधून जात नाही. त्यावर वीस मिनिटांचा अलार्म प्रत्येक झोपेआधी लावतो. मुख्य घड्याळ चुकलं तरच तो वाजेल, आणि वाजला तर लॉगमध्ये त्याचं नाव वेगळं येईल.

तरीही एक फट उरत होती, आणि ती बुजवल्याशिवाय मला झोप लागली नसती. समजा प्रोग्रामने ठरवलं की आता झोपायचं, आणि प्रत्यक्ष झोपायला लागणाऱ्या त्या अर्ध्या-एक सेकंदात फ्लोट वर आला. इंटरप्ट आला, ड्रायव्हरने घेतला, पण ती बातमी वाचणारा प्रोग्राम गोठला होता. बोर्ड झोपला. फ्लोट वरच राहिला, आता तार हलणार नाही, म्हणून नवी हाकही येणार नाही. पाणी चढतंय आणि पुढच्या अलार्मपर्यंत कोणाला पत्ता नाही.

याच फटीसाठी लिनक्समध्ये वेकअप-काउंट नावाची फाईल आहे, २०१० पासून. प्रोग्रामने आधी त्यातला आकडा वाचायचा. मग आपल्या रांगेत काही घटना पडली आहे का ते पाहायचं. नसेल तर तोच आकडा परत त्या फाईलमध्ये लिहायचा. मधल्या काळात कोणी उठवणारी घटना घडली असेल तर आकडा बदललेला असतो आणि लिहिणं नाकारलं जातं. मग झोपायचं नाही, पुन्हा सुरुवातीपासून. लिहिणं स्वीकारलं गेलं तर मेम लिहायचं, आणि त्यानंतरही झोपता-झोपता घटना आली तर कर्नल स्वतः झोप मोडतो. आकडा परत लिहिलाच नाही तर कर्नल ही राखण करत नाही. आम्ही तो लिहीत नव्हतो.

तपासणीसाठी एक जुना बोर्ड टेबलावर कायम ठेवलाय. दुसरा छोटा मायक्रोकंट्रोलर रिलेने त्याचा फ्लोट वर-खाली करतो. वेळ अनियमित, मुद्दाम झोपेच्या क्षणाच्या आसपास. पहिल्या रात्री जुन्या स्क्रिप्टवर चालवलं तेव्हा सकाळपर्यंत सात घटना हरवलेल्या सापडल्या. नव्या स्क्रिप्टवर तीन रात्री चालवलं, एकही हरवली नाही. हे यंत्र बनवायला एक दुपार लागली. ती दुपार जूनमध्ये काढायला हवी होती.

आता प्रत्येक मापाबरोबर तीन आकडे सर्व्हरवर जातात. कोणत्या तारेने उठवलं, मागच्या झोपेत किती वेळ गेला, आणि आज आतापर्यंत किती वेळा उठला. पाव तासाची जुनी ओळ पुसणं बंद केलंय, सगळ्या ओळी राहतात. दिवसात ११० च्या वर उठला तर धाकट्याच्या फोनवर निरोप येतो, आणि दोन निरोपांत वीस मिनिटांहून जास्त अंतर पडलं तर माझ्या. डिझाइनच्या कागदांत उठवणाऱ्या तारांचं एक वेगळं पान असतं. तार कोणती, बँक कोणती, वर जाताना उठवते की खाली, फ्लॅग कोण पुसतं, कोणत्या झोपेत कोणत्या तारखेला हाताने तपासली. शेवटचा रकाना रिकामा असेल तर बोर्ड डबीत जात नाही.

ऑगस्टमध्ये एका रात्री पाणी खुणेला लागलं. लॉगमध्ये तीन वाजून काही मिनिटांनी फ्लोटचं नाव आहे, आणि त्यापुढे मिनिटभरात गेलेला निरोप. वरच्या खांबाचा बोर्ड रोज ९६ ऐवजी ९८-९९ वेळा उठतो. जास्तीचे दोन-तीन सिम कंपनीच्या रिचार्जच्या एसएमएसचे. कारखान्याला एसएमएसची सोय हवी आहे म्हणून ती तार बंद केलेली नाही. आता उठल्यावर आधी पाठवणाऱ्याचा नंबर पाहिला जातो, ओळखीचा नसेल तर मोजणी न करता बोर्ड चार-पाच सेकंदांत परत झोपतो.